लाटणं कुणाला, नटबोल्ट कुणाला?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात काम करणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टांना आणि हा विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकांना,

स. न. वि. वि.

गेल्या वर्षी भाताची लावण चालू असताना माझ्या आईला लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय गेला, जीभ जड झाली. बेळगावातल्या एका दवाखान्यात अठरा दिवस काढले. पुढे तीन महिने आठवड्यातून तीन खेपा थेरपीसाठी केल्या, म्हणजे रोजची कामं हाताला पुन्हा शिकवायच्या तुमच्या उपचारासाठी. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं कष्टाळू होती, आणि मी सांगणार आहे ते त्या एका खोलीपुरतं नाही, हे नंतर इतर पेशंटांच्या घरच्यांशी बोलताना कळलं.

त्या खोलीत खिडकीखाली दोन प्लास्टिकचे ट्रे असायचे. एकात पोळपाट-लाटणं, छोटं सूप, कपडे वाळत घालायचे चिमटे, मोठ्या भोकाचे मणी आणि दोरा. दुसऱ्यात फळीवर बसवलेले नटबोल्ट, कडी-कोयंडा, कुलूप-किल्ल्या, एक पाना. कुठल्याही ट्रेवर चिठ्ठी नव्हती. तरी, शेवटी सांगणार आहे तो आईचा प्रसंग सोडला, तर तीन महिन्यांत पहिला ट्रे पुरुषापुढे किंवा दुसरा बाईपुढे आलेला मी एकदाही पाहिला नाही.

आईपुढे पोळपाट-लाटणं आलं. कणकेच्या जागी हिरवी, चिकणमातीसारखी पुटी. चांगला हात अधू हातावर ठेवायचा आणि लाटणं पुढे-मागे फिरवायचं. थेरपिस्ट मुलगी मनमिळाऊ होती. ‘अम्मा, चपाती, चपाती!’ म्हणून हुरूप द्यायची. आई चारदा लाटणं फिरवून खिडकीबाहेर बघत बसायची. दुसऱ्या आठवड्यात फाईलवर ‘पुअर मोटिव्हेशन’ असा शेरा पडला.

आता आई कोण ते सांगते. आमच्याकडे चपात्या आजी करायची, ती गेल्यावर वहिनी. आई सत्तावीस वर्षं गावात पिठाची गिरण चालवते. सकाळी सातला शटर वर. दळायला आलेला डबा उचलून वर ओतणं, चाक फिरवून दगड सैल-घट्ट करणं, मोटारीचा आवाज बदलला की हातातलं टाकून बटण बंद करणं, सुटलेला पट्टा चढवणं, सगळं तिचं. दगडांना टाकी लावायला माणूस यायचा. तो दोनदा आला नाही, तेव्हा छिन्नी-हातोडी घेऊन तीच बसली आणि शिकली. भाकरीचं पीठ किती बारीक, आंबोळीचं किती जाड, चकलीची भाजणी कुठवर दळायची, हे ती पडणारं पीठ चिमटीत धरून ठरवते. बघतही नाही, नुसतं चोळते. गावाच्या चपात्यांचं पीठ तिनं दळलं, स्वतः लाटल्या त्या फार तर सणावारी.

हे थेरपिस्टला कुणी सांगितलं नाही. का, ते कबूल करायला हवं. सांगायचं काम माझं होतं. आईला बोलता येत नव्हतं, फॉर्म मी भरत होते. सिस्टरने कन्नडमध्ये विचारलं, ‘मने केलसा?’ घरकाम ना? मी घाईत म्हटलं, ‘हौदु’, हो. व्यवसायाच्या रकान्यात ‘हाउसवाइफ’ पडलं. ‘हॉबी’ या रकान्यात मीच ‘टीव्ही’ लिहिलं. गिरणीचा परवाना बाबांच्या नावावर, हेस्कॉमचं विजेचं बिल बाबांच्या नावाने येतं, गावात गिरणीला ओळखतात तेही बाबांच्या नावाने. बाबा जन्मभर उद्यमबागेत फौंड्रीला होते. गिरणीत बसायचे ते रविवारी, पेपर वाचायला. मी स्वतः शिकलेली, नोकरी करणारी बाई. सत्तावीस वर्षं जिच्या गल्ल्यातून माझ्या फिया गेल्या तिला मी एका शब्दात घरी बसवलं. तेव्हा तुम्हाला बोल लावण्याआधी तो मी स्वतःला लावून घेते.

पण फॉर्म चुकला तरी पुढे तीन महिने होते, आणि त्यातल्या पहिल्या चार आठवड्यांत दुसरा प्रश्न कुणी विचारला नाही. तक्रार तेवढीच आहे.

आपल्या भागात हे जरा जास्त सहज घडतं. पाटीवर कुठली भाषा असावी हा वाद मी इथे आणत नाही, त्याला आमच्याकडे वेगळी माणसं आणि ठरलेले महिने आहेत. मी खोलीतलं बोलते. पेशंट मराठी, सिस्टर कन्नड, थेरपिस्ट केरळची नाहीतर हुबळीची, फॉर्म इंग्रजी, आणि मध्ये दुभाषा म्हणून उभा असलेला मुलगा, सून, भाचा, ज्याला संध्याकाळची बस गाठायची आहे. इतक्या चाळणीतून गाळून माणूस कागदावर उतरतो तेव्हा त्याचं वय, कुठली बाजू गेली आणि बाई की बाप्या एवढंच शिल्लक राहतं. भाषा जिथे पुरत नाही तिथे साडी आणि मिशी बघून ट्रे निवडला जातो. त्यात वाईट हेतू नाही. पण पेशंटच्या हातात शेवटी तो ट्रेच येतो.

तुमच्या विषयाला मराठीत ‘व्यवसायोपचार’ म्हणतात. ते ऐकून बाबांनी विचारलं होतं, ‘म्हणजे हिला आता नोकरी लावणार काय?’ आम्ही हसलो. मला वाटतं त्या शब्दानेच थोडा घोळ केलाय. माणसाचा दिवस ज्यात जातो ते सगळं यात येतं, मग त्याचे पैसे मिळोत न मिळोत. भारतात या विषयाची पहिली शाळा १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात निघाली, ती कमलाबाई निंबकरांनी काढली. जन्माने अमेरिकन, लग्नानंतर इथल्या झालेल्या. १९५२ साली जागतिक संघटना उभी राहिली तेव्हा संस्थापक देशांत भारत होता. म्हणजे हे शास्त्र आपल्याकडे काल-परवा आलेलं नाही. आणि पेशंटला जे काम आपलं वाटतं तेच औषध म्हणून द्यायचं, हा त्याचा गाभा आहे. हे मी तुम्हाला सांगावं हे खरं तर विचित्रच.

दोन ट्रे मात्र या शास्त्राहूनही जुने. युरोपातल्या जुन्या मनोरुग्णालयांत पुरुषांना शेतावर आणि सुतारशाळेत धाडायचे, बायकांना धुणं आणि शिवण द्यायचे. त्याला ते उपचार म्हणत. संस्थेचं धुणंही त्यातच निघून जायचं. पहिल्या महायुद्धाने यात गंमत केली. अमेरिकेत जखमी सैनिकांसाठी ज्या तरुण बायका नेमल्या, त्यांनी बंदुका धरलेल्या पुरुषांच्या हातात टोपल्या विणायचं आणि कापड विणायचं काम दिलं. ब्रिटनमध्ये जखमी सैनिक भरतकामाला बसले. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलसाठी त्यांनी भरलेलं वेदीवस्त्र १९१९ साली तिथे लागलं. गोळी लागलेल्या हाताला बोटं हलवायची होती, सुईने ती हलली. सुई बायकी आहे, अशी तक्रार घेऊन कुणी त्या वस्त्रापुढे जात नाही.

आता हवालदारकाकांचं सांगते. आमच्याच वेळेला ते यायचे. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त, डावी बाजू गेलेली. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. एवढी वर्षं स्वतःच्या हाताने रांधून खात होते. पलटणीत राहिलेला माणूस, बटण लावणं, इस्त्री, भांडी, सगळं चोख. त्यांच्यापुढे नटबोल्टची फळी. ती ते एकहाती पटापट सोडवायचे आणि शाबासकी मिळवायचे. घरी गेले तेव्हा कागदावर ते बहुतेक बाबतीत स्वावलंबी होते. घरात मात्र लसूण सोलता येईना, गॅसचा लायटर आणि बटण एकदम जमेना, उतू जाणारं दूध एका हाताने उतरवता येईना. आज शेजारच्या घरातून डबा येतो. काका म्हणतात, ‘नट एकबी सैल नाही घरात, काय करू?’

हे एका थेरपिस्टचं विसरणं म्हणून मी सोडून दिलं असतं. पण नंतर हाताशी लागेल ते वाचत गेले, आणि तुमच्या रोजच्या वापरातल्या एका मोजपट्टीपाशी येऊन थांबले. लॉटन आणि ब्रॉडी यांनी १९६९ साली वृद्धांसाठी केलेली. स्वतःचं स्वतः राहता येतं का हे बघायला त्यात आठ गोष्टी आहेत: फोन, बाजारहाट, स्वयंपाक, घरची आवराआवर, धुणं, प्रवास, औषधं वेळेवर घेणं आणि पैशाचा हिशोब. बाईचे गुण मूळ पद्धतीत आठपैकी धरायचे. पुरुषाचे पाचपैकी. स्वयंपाक, आवराआवर आणि धुणं त्याच्या बाबतीत मोजायचंच नाही. एकट्या राहणाऱ्या विधुराला चहा करता येत नसला तरी त्याला पाचपैकी पाच. हल्ली सगळ्यांना आठही विचारा असं सांगतात, हे ठाऊक आहे. पण झेरॉक्सवर झेरॉक्स काढलेले जुने फॉर्म टेबलाच्या खणात किती वर्षं राहतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आणि आपल्याच मुलखात बघा ना. वडगाव-खासबागच्या विणकर गल्ल्यांत मागावर पुरुष बसतो. तुटलेला धागा डोळ्यांपुढे धरून गाठ मारणं हे तिथे बाप्याचं काम आहे. त्याला मणी-दोरा दिला तर मेंदूतल्या जुन्या वाटा जाग्या होतील. पण मणी असतात पहिल्या ट्रेमध्ये. निपाणीची विडी कामगार बाई दिवसभर तंबाखू आणि पान बोटांत वळत आली, तिच्या चिमटीला लागणारी नजाकत भोकांत खुंट्या बसवायच्या तुमच्या पाटीत नाही. खानापूरकडे रोप लावताना बाई अर्धा दिवस वाकलेली असते, तिला खुर्चीत बसवून चपाती लाटायला लावणं म्हणजे पाठ, कंबर, तोल यातलं काहीच न तपासणं. लग्नाच्या मांडवात कढईपुढे पुरुष आचारी, घरच्या चुलीपुढे त्याची बायको. बाजारात शिवणयंत्रावर शिंपी, घरात फाटकं शिवायला आई. काम तेच असतं, मजुरी मिळाली की बाप्याचं होतं आणि फुकट असलं की बाईचं. हे एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेलं तरी बदलतं, मग ट्रेला कसं कळणार?

म्हणून पोळपाट-लाटणं फेकून द्या असं मी म्हणत नाही. आमच्या शेजारच्या खाटेवर उचगावकडची एक आजी होती. नातवाला स्वतःच्या हातची भाकरी घालायची, यापलीकडे तिला काही नको होतं. तिला लाटणंच दिलं, तेही चुकलंच. भाकरी थापतात. उघडा तळवा परातीवर पडतो, मनगट मागे वळतं, दुसऱ्या हाताने भाकरी फिरवायची असते. मुठीत वळू बघणाऱ्या बोटांना याहून चांगला व्यायाम कुठला? थेरपिस्ट स्वतः भाकरी न थापणाऱ्या घरातली असेल तर हे तिला सुचणार नाही, ते समजू शकते. आजीला विचारलं असतं तर आजीने परात मागवली असती.

विचारायचं कसं, यावरही बोलायला हवं. ‘काय करायला आवडतं?’ हा प्रश्न आमच्या बायकांना विचारू नका. ‘तुम्ही सांगाल ते’ असं उत्तर येतं. आवड हा शब्द त्यांनी स्वतःसाठी कधी वापरलेला नसतो. त्यापेक्षा म्हणा, झटका यायच्या आदल्या दिवशी सकाळी उठल्यापासून काय काय केलंत ते सांगा. आता घरी तुमच्यावाचून कशाचं अडलंय? पुरुषालाही हेच विचारा, आणि घरी पाणी कोण तापवतं, तुमचा डबा कोण भरतं, हेसुद्धा. कॅनडातल्या थेरपिस्टांनी केलेली एक मुलाखतीची पद्धत याच रीतीची आहे. रोजच्या कामांतली कुठली महत्त्वाची, ती आपल्याला कितपत जमतात आणि त्यात आपलं किती समाधान आहे, याचे गुण पेशंट स्वतः देतो. तुमच्या अभ्यासक्रमात ती असेलच. ती मराठीतून विचारा, एवढंच मागणं आहे. आणि शक्यतो नातेवाइकाला दहा मिनिटं चहाला धाडून विचारा. मी बाहेर असते तर आईने खुणेने तरी गिरण दाखवली असती.

नातेवाइकांचा त्रास काय असतो ते मी पाहिलंय. अनगोळच्या एका तरुण पेशंटपुढे थेरपिस्टने एकदा धाडस करून भांडी आणि घासणी ठेवली, तर त्याची आई उठून उभी राहिली. ‘आमच्या पोराला भांडी घासायला आणलंय काय ओ?’ घासणी गुमान परत गेली. अशा वेळी कामाचं नाव सांगू नका, हाताचं सांगा. हे खांदा फिरवायचं काम आहे, हे मनगट उचलायचं आहे, याने बोट आणि अंगठा जुळेल, मग त्याला बुलेटची चावी फिरवता येईल. बुलेट म्हटल्यावर त्या माउलीने बादली स्वतः उचलून आणली असती. हे थोडं लबाडीचं आहे, पण चालतं. आणि दुसऱ्या बाजूनेही सांगावं लागेल. बाईला पाना दिला की नवरा हसतो. बाबाही हसले असते.

आईचं पुढे काय झालं? पाचव्या आठवड्यात मावशी बघायला आली, डब्यात गिरणीतलं पीठ घेऊन. गिरणीत तेव्हा बाबा बसत होते आणि गावात बोंब होती. मावशीने डबा उघडून आईपुढे धरला, थेरपीच्या खोलीतच. आईने डावा हात पुढे केला, थांबली, मग त्या हाताने उजवा उचलून पिठात ठेवला. अंगठा आणि तर्जनी जुळेनात. तरी चोळायचा प्रयत्न करत राहिली. मग अडखळत म्हणाली, ‘जाड. जाड आलंय.’ थेरपिस्ट मुलगी बघत होती. तिने मला विचारलं, ‘व्हॉट इज शी डूइंग?’ आणि तेव्हा मी पहिल्यांदा सांगितलं, आई काय करते ते.

त्या मुलीचं कौतुक वाटतं. दुसऱ्या दिवशी तीन वाट्यांत रवा, ज्वारीचं पीठ आणि मैदा मांडून, डोळे मिटून बोटाने ओळखायला लावलं. मेंदूला स्पर्श पुन्हा शिकवायची ही तुमचीच रीत आहे, पण वाटीत काय घालावं ते आईकडून आलं. नटबोल्टची फळी दुसऱ्या ट्रेमधून उचलून इकडे आली. गोल झाकणाचा डबा उघडणं-मिटणं सुरू झालं, दगड सैल-घट्ट करायच्या चाकासाठी. लकव्यानंतर मेंदूचा शाबूत भाग काम उचलतो, पण त्यासाठी एकेक हालचाल शेकडो वेळा करावी लागते, असं तिनेच मला समजावलं. आई लाटणं चारदा फिरवायची. वाट्यांपुढे अर्धा तास बसायला लागली. ‘पुअर मोटिव्हेशन’ शेरा नंतर कुणी खोडला की नाही, बघितलं नाही.

सगळं परत आलं असं नाही. पट्ट्याजवळ आईला आम्ही जाऊ देत नाही, आणि ते बरोबरच आहे. एक मुलगा ठेवलाय. आई स्टुलावर बसते, डाव्या हाताने पैसे घेते, उजव्याने पीठ बघते. अंगठा तर्जनीला अजून पुरता टेकत नाही. मधल्या बोटाने काम भागवते.

तुमच्या विद्यार्थ्यांना शिकताना घरभेटी असतात की नाही, मला ठाऊक नाही. असतील तर गिरणीत घेऊन या, आईची हरकत नाही, मी विचारलंय. सकाळी अकरानंतर या, त्याआधी दळणाची गर्दी असते. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस मात्र नको, भाजण्या असतात. दिवे गेले तर थांबावं लागेल. येताना डबा आणा, ज्वारी इथेच मिळेल.

आपली,
एका गिरणीवालीची मुलगी
बेळगाव तालुका